घरापासून दूर शिकताना: ख्रिस्ती विद्यार्थ्यांसाठी पहिल्या सत्राचे मार्गदर्शन

अहिल्यानगर, जालना, मिरज किंवा नंदुरबारहून पुण्यात शिकायला आलेल्या ख्रिस्ती मुलामुलींशी बोलताना एक गोष्ट वारंवार ऐकू येते: घराची आठवण सर्वांत जास्त छळते ती रविवारी संध्याकाळी. घरी रविवार हा आठवड्यातला सर्वांत भरगच्च दिवस असतो. सकाळी शब्बाथ शाळा, मग उपासना, उपासना संपल्यावर चर्चच्या आवारात रेंगाळणाऱ्या गप्पा, दुपारी मटणाचा रस्सा, संध्याकाळी तरुण संघ किंवा कोणाच्या तरी घरी प्रार्थनासभा. पुण्याच्या मेसमध्ये मात्र रविवारी दुपारी ‘फीस्ट’ असते आणि संध्याकाळी मेस बंद असते. खोलीतला एक जण शनिवारीच गावी गेलेला असतो, दुसरा मित्रांबरोबर बाहेर पडलेला असतो, आणि उरलेला तिसरा दोरीवरचे कपडे वाळले का ते दोनदा पाहून आल्यावर कॉटवर बसून वडापाव खातो. सोमवारी तास सुरू झाले की मन कामाला लागते, पण पुढच्या रविवारी तेच तीन-चार रिकामे तास पुन्हा समोर उभे राहतात.

हे मार्गदर्शन कॉलेजच्या पहिल्या सत्रासाठी आहे. उदाहरणे पुण्याची आहेत, पण मुंबई, नाशिक किंवा बंगळुरूला गेलेल्यांनाही ती थोड्याफार फरकाने लागू पडतील. घर विसरल्याने ही ओढ शमत नाही आणि घराकडे डोळे लावून दिवस काढल्यानेही शमत नाही. परमुलखात राहणाऱ्या माणसाला पवित्र शास्त्र घराची आठवण जपूनच नव्या जागी रुजायला सांगते, आणि हे रुजणे प्रार्थनेइतकेच जेवण, झोप, वेळापत्रक आणि भोवतीची माणसे यांवर अवलंबून असते.

आधी मनातला एक सल काढून टाका

विश्वासू घरात वाढलेल्या मुलाला रडू येते, तेव्हा त्याला दुःखाबरोबर अपराधीपणाही वाटू लागतो. ‘देव सर्वत्र आहे असे आपण लहानपणापासून शिकलो, मग येथे एकटे का वाटते? आपला विश्वास कमी पडतो आहे का?’ असा प्रश्न मनात घर करतो. फोनवर मावशी किंवा आत्या प्रेमाने म्हणते, “प्रार्थना कर, सगळं नीट होईल,” आणि प्रार्थना करूनही नीट झाले नाही की सल आणखी वाढतो.

पवित्र शास्त्रात घराच्या आठवणीने रडणारी माणसे पुष्कळ आहेत आणि त्यांतल्या कोणालाही त्यासाठी दोष दिलेला नाही. १३७ वे स्तोत्र बाबेलच्या नद्यांकाठी बसून सीयोनेसाठी रडणाऱ्या लोकांचे आहे. नहेम्या शूशन राजवाड्यात राजाचा प्यालेबरदार, म्हणजे त्याला द्राक्षारस देणारा अधिकारी होता, तेव्हा त्याची नोकरी चांगलीच होती. तरी यरुशलेमेची बातमी ऐकून तो खाली बसून रडला आणि कित्येक दिवस शोक करत राहिला. पौल थेस्सलनीकाकरांना लिहितो की तुमच्यापासून दूर झाल्यामुळे तुम्हाला भेटण्याची आम्हाला फार उत्कंठा लागली आहे. ज्यांना मागे सोडून आलो त्यांच्यावर आपले प्रेम आहे, एवढेच हे रडणे सांगते.

येथे थोडे स्पष्ट बोलतो. ‘हे जग आपले घर नाहीच, आपण तर प्रवासी आहोत’ हे वाक्य सत्य असले तरी आईची आठवण काढणाऱ्या अठरा वर्षांच्या मुलीला ते ऐकवण्याची वेळ ही नव्हे. इब्री लोकांस पत्राचा लेखक ते छळ सोसलेल्या मंडळीला सांगत होता. होस्टेलमध्ये आलेले रडू थांबवण्याची युक्ती म्हणून त्याने ते लिहिलेले नाही.

पहिला आठवडा: झोप आणि जेवण

एलीयाची १ राजे १९ मधली गोष्ट या दृष्टीने सावकाश वाचण्यासारखी आहे. आपल्या चाकराला बैर-शेबात ठेवून तो एकटाच रानात एक दिवसाची वाट चालून गेला, एका झुडपाखाली बसला आणि ‘आता पुरे झाले’ म्हणाला. देवाने त्या वेळी त्याला एकही उपदेश केला नाही. दूताने त्याला उठवले, निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाणी त्याच्या उशाशी ठेवलेले होते, ते खाऊन तो पुन्हा झोपला, दूताने पुन्हा उठवले, तो पुन्हा जेवला. ‘तू येथे काय करत आहेस?’ हा प्रश्न त्याला विचारला गेला तो नंतर, होरेब डोंगरावर पोहोचल्यावर.

म्हणून पहिल्या आठवड्यात मोठे आध्यात्मिक संकल्प करू नका. रात्री ठराविक वेळी फोन उशापासून दूर ठेवा, कारण अंधारात घरचे फोटो चाळत पडून राहिले की झोप उडते आणि दुसऱ्या दिवशी सगळेच अधिक जड वाटते. मेसचे जेवण आवडो वा न आवडो, दोन्ही वेळा जेवा, आणि शक्यतो कोणाबरोबर तरी बसून जेवा. घरून शेंगदाण्याची चटणी, ठेचा, लोणचे आणले असेल तर ते ताटात वाढून घेताना संकोच करू नका आणि शेजाऱ्याच्या ताटातही वाढा. ओळखी व्हायला याहून सोपा मार्ग क्वचितच सापडतो. पंडिता रमाबाईंनी १८८३ साली इंग्लंडमध्ये वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतला, पण आपला शाकाहार त्यांनी तेथेही सोडला नाही. ख्रिस्ती होण्यासाठी आपल्या सवयी परक्या मुलखात टाकून द्याव्या लागत नाहीत, हे त्यांनी तेव्हाच दाखवून दिले होते.

रविवार संध्याकाळची सोय मात्र शुक्रवारीच करून ठेवा. मेस बंद असणार हे ठाऊक असते, तेव्हा कोणाबरोबर आणि कोठे जेवायचे हे आधीच ठरवा. वर्गातला एखादा असाच मागे राहणारा मुलगा हेरा. त्यालाही तेच हवे असते.

दुसरी पायरी: तक्रार देवासमोर मांडा

घरी प्रार्थनेची वेळ ठरलेली असते आणि सुरुवात बहुधा वडील किंवा आजी करते. होस्टेलमध्ये ती चौकट नाहीशी होते, आणि मग प्रार्थना एक तर बंद पडते, नाही तर ‘मला धीर दे’ या एका वाक्यावर येऊन थांबते. अशा वेळी १३ वे स्तोत्र हाताशी धरावे. ते अवघ्या सहा ओव्यांचे आहे. दाविद सुरुवातीलाच चार वेळा ‘कोठवर?’ असे विचारतो, मग स्पष्ट मागणी करतो, आणि शेवटी देवाने पूर्वी केलेल्या उपकारांची आठवण काढतो.

हीच चाल वापरून वहीत स्वतःची प्रार्थना लिहा. आधी तक्रार लिहा, आणि ती मोघम नको: ‘खोलीतले दोघे रात्री एकपर्यंत दिवा चालू ठेवतात’, ‘प्रॅक्टिकलला माझ्याबरोबर कोणी गट केला नाही’, ‘आज बहिणीचा वाढदिवस होता’. मग मागणी लिहा, तीही तितकीच नेमकी. नंतर मागच्या वर्षात देवाने केलेली एक गोष्ट लिहा. प्रार्थनेचा शेवट आनंदाचाच झाला पाहिजे असे मात्र नाही. ८८ वे स्तोत्र अंधारातच संपते, तरी ते स्तोत्रसंहितेत आहे.

तिघांच्या खोलीत प्रार्थना कशी करावी, ही अडचण खरी आहे. दानीएल माडीवरच्या खोलीत यरुशलेमेकडच्या खिडक्या उघड्या ठेवून दिवसातून तीनदा गुडघे टेकत असे. त्याची ही नेहमीची रीत होती. ती त्याने लपवली नाही आणि मिरवलीही नाही. खोलीतल्या मित्रांना एकदा सरळ सांगून टाका: “मी सकाळी दहा मिनिटं प्रार्थना करतो, तेवढा वेळ हेडफोन लावाल का?” बहुतेक मुले हे सहज मान्य करतात, कारण त्यांच्यापैकी कोणी हनुमान चालिसा म्हणत असतो, कोणी नमाज पढत असतो. त्यांच्या वेळाही तुम्ही तितक्याच आदराने सांभाळा. ज्यांना खोलीत अवघड वाटते त्यांनी गच्ची, कॉलेजची बाग किंवा दिवसा उघडे असणारे चर्च शोधावे.

तिसरी पायरी: मंडळी शोधा आणि तेथे काही काम घ्या

माझ्या मते सर्वांत जास्त फरक या पायरीने पडतो, आणि टाळली जाते तीही हीच. पहिला रविवार सामान लावण्यात जातो, दुसऱ्या रविवारी पाऊस असतो, तिसऱ्या रविवारी झोप अनावर होते. असे करता करता दिवाळी येते. म्हणून गाव सोडण्यापूर्वीच आपल्या पाळकसाहेबांकडून पत्र घ्या आणि पुण्यातल्या एखाद्या पाळकांचा किंवा मंडळीतल्या कुटुंबाचा नंबर मागून घ्या. पूर्वीच्या पिढीला हे सांगावे लागत नसे. मिशनच्या शाळांमुळे आपल्या कित्येक आजीआजोबांनी लहानपण बोर्डिंगमध्ये काढलेले आहे. सुट्टीत घरी गेलात की त्यांना त्या दिवसांविषयी जरूर विचारा. रात्री दिवे मालवल्यावर तेथे कोण रडायचे आणि कोण गप्प करायचे, हे त्यांना अजून आठवते.

पुण्यात मराठी उपासनेसाठी पर्याय आहेत. गुरुवार पेठेतले पवित्र नाम चर्च, म्हणजे लोकांच्या तोंडचे पंच हौद चर्च, आणि कसबा पेठेतले ब्रदर देशपांडे मेमोरियल चर्च ही दोन जुनी नावे पुष्कळांना ठाऊक असतात. (१८९० मध्ये लोकमान्य टिळक आणि न्यायमूर्ती रानडे यांच्यावर ज्या चहापायी ग्रामण्य, म्हणजे जातिबहिष्काराचे प्रकरण ओढवले, तो चहा याच पंच हौद मिशनमधला.) कॅथलिक विद्यार्थ्यांनी जवळची पॅरिश कोणती आणि मराठी मिस्सा कोणत्या वेळी असते याची चौकशी फादरांकडेच करावी. इंग्रजी उपासना आणि तरुणांची मोठी बँड असलेली चर्चेसही आहेत, आणि तेथे जाण्यात गैर काही नाही. पण घराच्या आठवणीने व्याकूळ असताना ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांचे एखादे भजन तबला-पेटीवर ऐकू आले की जो आधार मिळतो, तो अनोळखी भाषेतल्या उत्तम संगीतानेही मिळेलच असे नाही. त्यामुळे पहिले काही महिने तरी आपल्या भाषेच्या मंडळीत काढावेत, असा माझा आग्रह आहे.

दोन-तीन ठिकाणे पाहून महिनाभरात एक नक्की करा. दर रविवारी नवे चर्च पाहत फिरणाऱ्याला कोणीच ओळखत नाही. आणि एक ठिकाण नक्की झाले की नुसते मागच्या बाकावर बसून शेवटच्या आशीर्वादानंतर निघून येऊ नका. पाळकांना भेटून काम मागा. खुर्च्या मांडणे, गायनमंडळात उभे राहणे, शब्बाथ शाळेत लहान मुलांना सांभाळणे, प्रोजेक्टरवर गीतांचे शब्द बदलणे, यांतले काहीही चालेल. काम असलेल्या माणसाची वाट पाहिली जाते, तो एखाद्या रविवारी आला नाही तर कोणी तरी फोन करते, आणि होस्टेलमध्ये राहणाऱ्याला नेमके हेच मिळत नसते. वधस्तंभावरून येशूने आपल्या आईला आणि प्रिय शिष्याला एकमेकांच्या स्वाधीन केले, आणि त्या शिष्याने तिला आपल्या घरी नेले. मंडळीत जेवायला बोलावणारी एखादी काकू भेटली तर ‘नको, कशाला त्रास’ म्हणू नका.

आपल्या गावच्या चर्चची उपासना आता फोनवर थेट दिसते, आणि आई कॅमेऱ्यासमोरून गेली की बरेही वाटते. पण रविवारी सकाळी पांघरुणात पडून तीच उपासना पाहत राहिलात, तर तुम्ही धड तेथेही नसता आणि येथेही नसता. ती संध्याकाळी पाहा. त्या रिकाम्या तासांचाही उपयोग होईल.

कॉलेजमध्येही सोबत मिळू शकते. १९५४ मध्ये सुरू झालेल्या यूईएसआयचे (युनियन ऑफ इव्हँजेलिकल स्टुडंट्स ऑफ इंडिया) विद्यार्थी गट अनेक शहरांत आहेत. कॅथलिक विद्यार्थ्यांसाठी १९२४ पासून चालत आलेली आयकफ (ऑल इंडिया कॅथलिक युनिव्हर्सिटी फेडरेशन) ही संघटना आहे. एक सावधगिरी मात्र बाळगा. जो गट घरच्यांशी बोलणे कमी करायला सांगतो, तुमच्या मूळ मंडळीची टिंगल करतो, महिन्याच्या खर्चातून पैशांचा तगादा लावतो किंवा अभ्यासाला ‘जगिक’ ठरवतो, तो कितीही प्रेमळ वाटला तरी तेथून निघा. एकट्या पडलेल्या मुलांना असे गट लवकर ओळखतात.

फोन, आणि आईवडिलांसाठी चार शब्द

घरी रोज बोला, पण वेळ ठरवून, पंधरा-वीस मिनिटे. रडू आले की लगेच फोन लावण्याची सवय लागली, तर तुम्ही दहा मिनिटांत सावरून जेवायला जाता आणि तिकडे आई रात्रभर जागी राहते. आठवड्यातून एकदा, शक्यतो रविवारी रात्री, फोनवरूनच कौटुंबिक प्रार्थना करा. एक वचन तुम्ही वाचा, एक घरून वाचले जाऊ द्या.

काय हवे आहे ते स्पष्ट सांगा. तुरुंगातून तीमथ्याला लिहिताना पौल, त्रोवसात कार्पाकडे राहिलेला झगा घेऊन ये, पुस्तके आण, विशेषतः चर्मपत्रे आण, आणि हिवाळ्यापूर्वी येण्याचा प्रयत्न कर, असे सांगतो. एवढ्या मोठ्या प्रेषिताला थंडीत झगा मागताना कमीपणा वाटला नाही, मग तुम्ही चादर, गोडा मसाला किंवा पाचशे रुपये मागताना का लाजता?

आईवडिलांनी घरातले प्रत्येक भांडण आणि आजारपण त्याच दिवशी मुलाला कळवू नये. फार काही लपवूही नये. “जेवलास का?” एवढ्यावर न थांबता “आज कोणाबरोबर जेवलास?” असे विचारले, तर मूल कितपत रुळले आहे हे पुष्कळसे समजते.

गावी कधी जावे

पुणे ते अहिल्यानगर सुमारे १२० किलोमीटर, म्हणजे शनिवारी दुपारी एसटीत बसले की संध्याकाळी घरी. अंतर कमी असले की मोह जास्त होतो. पण दर शनिवारी जाणाऱ्याचा पुण्यातला रविवार कधी उभाच राहत नाही, म्हणून पहिला महिना शक्यतो येथेच काढा आणि त्यानंतर जाण्याच्या तारखा आधी ठरवून कॅलेंडरवर लिहा. तारीख दिसत असली की मधले दिवस सुसह्य होतात.

सणांचा हिशेब आपल्या मुलांसाठी थोडा उलटा आहे. गणेशोत्सवात खोलीतले मित्र गावी जातात आणि शहर दहा दिवस जागे असते. त्या दिवसांत मंडळीतल्या कोणाकडे राहता येईल का ते पाहा, किंवा मित्राच्या आमंत्रणावरून त्याच्या गावी जाऊन या आणि प्रसाद-पूजेविषयी तुमची भूमिका त्याला आधीच नम्रपणे सांगा. दिवाळीत मोठी सुट्टी मिळते, पण घरी सण नसतो. नाताळात घरी कॅरल पार्टी, रंगकाम, करंज्या सगळे सुरू असते आणि कॉलेजला सुट्टी फक्त २५ डिसेंबरची. त्यामुळे नोव्हेंबरातच परीक्षेचे वेळापत्रक पाहा, बहुतेक विद्यापीठांत लागणारी ७५ टक्के उपस्थिती मोजून ठेवा, चार रजा डिसेंबरसाठी राखा आणि वर्गशिक्षकांना लेखी अर्ज वेळेत द्या.

शहर आपले म्हणणे

यिर्मयाच्या २९ व्या अध्यायातले ११ वे वचन, म्हणजे तुमच्याविषयीचे माझे संकल्प हिताचे आहेत असे देव सांगतो ते, आपल्याकडे पुष्कळ घरांत भिंतीवर असते. होस्टेलला निघालेल्या मुलाला ते फ्रेम करूनही देतात. पण ते एका पत्राचा भाग आहे, आणि ते पत्र ख्रिस्तपूर्व ५९७ मध्ये बाबेलला नेलेल्या लोकांना लिहिलेले आहे. त्याआधीच्या अध्यायात हनन्या नावाचा संदेष्टा दोन वर्षांत सर्व जण परत येतील असे गोड भाकीत करतो. यिर्मया सत्तर वर्षे सांगतो. आणि मग म्हणतो: घरे बांधून त्यांत राहा, बागा लावून त्यांची फळे खा, ज्या नगरात तुम्हाला नेले त्याचे हित पाहा आणि त्यासाठी प्रार्थना करा.

‘कशीबशी तीन वर्षे काढायची आहेत’ ही हनन्याची वाट झाली. तिच्यावर चालणारा सुटकेस पुरती उघडतच नाही. त्याउलट ग्रंथालयाचे कार्ड काढा, पीएमपी बसचा पास काढा, एक चहावाला आणि एक किराणावाला आपला करा, भिंतीवर काही लावा, कुंडीत तुळस नाही तर पुदिना लावा. प्रार्थनेत मेसच्या मावशींचे नाव घ्या, वॉर्डनचे घ्या, खोलीतल्या मित्राच्या आजारी वडिलांचे घ्या. नाव घेऊन ज्यांच्यासाठी आपण प्रार्थना करतो, ती माणसे फार काळ परकी राहत नाहीत.

मदत केव्हा मागावी, आणि परत जाणे

आठवण लाटेसारखी येते आणि ओसरते. मधल्या काळात हसू येते, भूक लागते, अभ्यास होतो. दोन आठवड्यांहून अधिक काळ जवळपास रोज मन उदास असेल, झोप किंवा भूक बिघडली असेल, आवडत्या गोष्टींत रस उरला नसेल, किंवा जगू नये असे विचार येत असतील, तर ही केवळ घराची आठवण नव्हे. कॉलेजच्या समुपदेशकाला किंवा डॉक्टरांना भेटा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, चोवीस तास चालू असतो आणि मराठीतही बोलता येते. जिवाला धोका वाटत असेल तर वाट न पाहता त्याच वेळी वॉर्डनला किंवा मित्राला उठवा. पाळकसाहेबांकडूनही प्रार्थना करून घ्या, पण प्रार्थनेमुळे गोळ्या बंद करा असे कोणी सांगितले तर ऐकू नका.

कधी कधी ‘घरी जायचे आहे’ या वाक्यामागे दुसरेच काही असते: वरच्या वर्गातल्या मुलांचा त्रास, आडनाव विचारून जात काढणारे प्रश्न, ‘तुम्ही बाटलेले’ अशी टोमणेबाजी. त्यावर सहनशीलतेचे वचन पुरेसे नाही. तारीख, वेळ, नावे लिहून ठेवा, कॉलेजच्या रॅगिंगविरोधी समितीकडे लेखी तक्रार द्या. १८००-१८०-५५२२ ही राष्ट्रीय रॅगिंगविरोधी हेल्पलाइन आहे.

एवढे सगळे करूनही एक पूर्ण सत्र उलटले आणि काहीच हलले नाही, तर गावाजवळच्या कॉलेजात जाण्याचा विचार करण्यात पाप नाही. योहान मार्क पौल आणि बर्णबा यांना पंफुल्यात सोडून यरुशलेमेला परत गेला. का गेला हे प्रेषितांच्या कृत्यांत सांगितलेले नाही; पौलाला ते इतके लागले की पुढच्या प्रवासाच्या वेळी त्यावरून तो आणि बर्णबा वेगळे झाले. तरी झगा मागणाऱ्या त्याच पत्रात पौल तीमथ्याला लिहितो की मार्काला बरोबर घेऊन ये, तो मला सेवेसाठी उपयोगी आहे. हा निर्णय रविवारी संध्याकाळी घेऊ नका आणि परीक्षेच्या आदल्या आठवड्यातही घेऊ नका. आईवडील, वर्गशिक्षक आणि पाळक यांच्याशी वेगवेगळे बोला, मग कार्यालयात जाऊन प्रवेश रद्द करण्याची मुदत, शुल्काचा परतावा आणि झालेल्या सत्राचे गुण नव्या कॉलेजात ग्राह्य धरले जातील का, या तिन्हींची माहिती लेखी घ्या. नव्या ठिकाणचा प्रवेश हातात पडेपर्यंत जुना रद्द करू नका.